तीन नंबरची कुसळं

१६ मार्च. हंगामातला शेवटचा सामना संपवून सगळे आपापल्या घरी गेले आणि मी जर्सी भिजत घालायला अंगणात बसले. मैदानाची काळी माती कापडात एकदा वाळली की निघत नाही, म्हणून हार असो की जीत, जर्सी त्याच संध्याकाळी टबात गेल्या पाहिजेत असा माझा नियम आहे. एकेक उलटी करून झटकत होते आणि साबणाच्या पाण्यात सोडत होते. तीन नंबरची हाताला आली तेव्हा ती बाजूला ठेवली. तिला कुसळं होती.

कुसळं कोरडी असतानाच काढावी लागतात. पाणी लागलं की ती पीळ घेतात आणि स्क्रूसारखी कापडात शिरतात. मग कितीही ओढा, शेंडा तुटतो आणि टोक आत राहतं. माझं शिलाईचं दुकान आहे, शाळेच्या गणवेशांचं, त्यामुळे हे मला कुणी सांगायला नको. मी चष्मा लावला, जर्सी मांडीवर घेतली आणि नखांनी एकेक कुसळ उपसायला लागले.

तीन नंबरची जर्सी त्या दिवशी कुणी घातली नव्हती. त्याच दिवशी असं नाही, अख्ख्या हंगामात ती कुणी घातली नव्हती.

वाशीममधला हा फुटबॉल क्लब माझ्या नवऱ्याचा. तो शाळेत पीटीचा मास्तर होता. नोकरीत असताना त्याने हा क्लब उभा केला आणि निवृत्त झाल्यावर त्याच्याजवळ तेवढा क्लबच राहिला. टीममध्ये सगळे कामधंद्याचे लोक. कॅप्टन मधल्या फळीत खेळतो आणि दिवसा वायरमनचं काम करतो. गोलकीपर कापड दुकानदाराचा मुलगा. जैन घरातला, सूर्य बुडाल्यावर जेवत नाही, म्हणून सामना लांबला की आधी त्याच्या डब्याची घाई. आमची लीग लहानशी आहे, तिच्यात दोन गट, अ आणि ब. सगळे सामने गावातल्या एकाच मोठ्या मैदानावर होतात. अ गटातल्या टीमला त्या मैदानावर रोज सरावाला जागा मिळते. शेवटी राहणारी टीम ब गटात उतरते आणि तिचा सराव गावाबाहेरच्या खडकाळ रानात.

यंदा आम्ही हंगामाच्या सुरुवातीपासून तळाशी होतो. दुसऱ्या एका क्लबने आमच्या कॅप्टनला आणि गोलकीपरला विचारूनही ठेवलं होतं, की खाली गेलात तर आमच्याकडे या. ते दोघं गेले असते तर क्लब संपला असता. मला खेळाची फार आवड नाही. पण निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सराव बंद होता तेव्हा, माझा नवरा माझ्या मशीनशेजारी बसून धाग्याच्या रिळांची उतरंड लावायचा, मोडायचा आणि परत लावायचा. तो उन्हाळा मला पुन्हा नको होता. क्लब अ गटात राहावा ही त्याच्याइतकी माझीही गरज होती.

आता तीन नंबरबद्दल. तो माझ्या नणंदेचा मुलगा. मंगरूळपीरहून कॉलेजसाठी आमच्याकडे आला आणि नोकरी लागल्यावरही आमच्याकडेच राहिला. उंच, हडकुळा, ताटात पडेल ते खाणारा. डाव्या बाजूला मागे खेळायचा, पण मागे थांबायचा नाही. नवऱ्याने त्याच्या आणि कॅप्टनच्या पायात एक चाल बसवली होती. कॅप्टनने चेंडू घ्यायचा, मान वळवायची नाही, डावीकडे पुढच्या मोकळ्या जागेत सोडून द्यायचा. हा मागून "आलो!" म्हणून ओरडत पळत यायचा आणि चेंडूच्या आधी तिथे पोचलेला असायचा. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी नवरा ते करून घ्यायचा. कॅप्टनच्या डोळ्यांना रुमाल बांधूनही करून घ्यायचा. जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्याच टीमला ते जमत नव्हतं. आम्ही अ गटात होतो ते त्या एका चालीवर.

पावसाळ्यात मंगरूळपीरच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. गावाकडून परत येत होता. जास्त लिहीत नाही.

हंगाम सुरू झाला तेव्हा नवऱ्याने ठरवलं की तीन नंबर कुणालाही द्यायचा नाही. जर्सी प्रत्येक सामन्याला मैदानावर न्यायची आणि बाकावर पसरून ठेवायची. सामना संपला की बाकीच्यांबरोबर धुवायची आणि तारेवर दोन आणि चारच्या मध्ये वाळत घालायची. एक जर्सी जास्त धुवायला मला काही जड नव्हतं.

त्याच्या जागी केनवडचा एक माणूस घेतला. इथे टायर-पंक्चरच्या दुकानात काम करतो. त्याला तेरा नंबर दिला. भक्कम, अबोल, आपली जागा धरून खेळणारा. पुढे धावायची त्याची रीत नव्हती आणि तशी त्याला कुणी शिकवलीही नाही. कॅप्टन मात्र चेंडू मिळाला की जुन्या सवयीने, न पाहता, डावीकडे पुढे सोडायचा. तिथे कुणी नसायचं. चेंडू बाहेर जायचा, नाहीतर समोरच्याला मिळायचा. एकदा सामन्यानंतर जर्सी द्यायला सगळे अंगणात आले होते, तेव्हा गोलकीपर तेराला म्हणाला, "काहून बे, चेंडू तुझ्या बाजूनं जाते, तुले दिसत नाई का?"

तेरा नंबर हात धूत होता. म्हणाला, "मले सारं दिसते. मीच कोनाले दिसत नाई."

सगळे हसले. तोही हसला. कॅप्टन तेवढा हसला नाही.

पहिल्यांदा कुसळं सापडली ती दिवाळीनंतर. मैदानाच्या एका अंगाला जुनी पडकी भिंत आहे, तिच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गुडघाभर कुसळी गवत वाढतं. थंडी पडली की ते वाळतं. टॉस जिंकला की कॅप्टन अशी बाजू मागायचा की दुसऱ्या हाफमध्ये आमची डावी बाजू तिकडे येईल, कारण आमचा तीन नंबर त्या गवतातून पळायला घाबरत नसे आणि समोरचे घाबरत. त्याच्या मोज्यांना, जर्सीच्या खालच्या काठाला कायम कुसळं असत, आणि मी कायम कुरकुरत ती काढत असे. "मामी, मी काढतो," म्हणायचा आणि झोपी जायचा.

बाक मैदानाच्या दुसऱ्या अंगाला, त्या भिंतीच्या समोर आहे. जर्सी बाकावर होती. आणि तिच्या खालच्या काठाला, पूर्वी असायची तिथेच, कुसळं होती. पिशवी आणणाऱ्या कॅप्टनला मी विचारलं, "काय रे, ही जर्सी कोनं घातली?"

"कोनीच नाई, काकू."

"मग कुसळं कुठून आली?"

"वारं असंल," तो म्हणाला आणि जर्सीकडे न पाहता निघून गेला.

वाऱ्याने आली असतील, किंवा पिशवीत दुसऱ्या कुणाच्या मोज्यांची लागली असतील. मी तेच धरून चालले. आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. आजेसासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव नदीला सोडले, त्यांच्याबरोबर भुतंही सोडली. नजर, उतारा, अंगात येणं, यातलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. त्यामुळे घाबरावं कसं हेही मला धड माहीत नाही. पुढच्या वेळी मी तीन नंबर वेगळ्या पिशवीत घालून पाठवली. त्या पिशवीतूनही ती कुसळं घेऊन आली.

तेव्हा मी ठरवलं की आपण जाऊन बसायचं. दुकान बंद ठेवून मी सामन्याला गेले आणि जर्सी बाकावर पसरण्याऐवजी मांडीवर घडी करून घेतली. नवरा बाजूला उभा होता, त्याने एकदा पाहिलं.

मला खेळातलं कळत नाही, पण शिलाईवालीला एक सवय असते. कापड कुठे ओढलं जातंय ते तिला दिसतं. आमची टीम डावीकडे ओढली जात होती. चेंडू कॅप्टनकडे आला की आमचे सगळे, अगदी उजवीकडचेसुद्धा, त्या भिंतीच्या कोपऱ्याकडे थोडे कलायचे. कुणी हाक मारली की माणूस मान वळवतो, तसे. तेरा नंबर हात वर करून उभा असायचा, आणि चेंडू त्याच्या समोरून निघून जायचा. त्याने हात वर केलेला मी पुनःपुन्हा पाहिला. पुढे पुढे तो खांद्याच्या वर जाईना.

हाफटाइमला समोरच्या टीमचा एक खेळाडू आमच्या माठावर पाणी प्यायला आला. बाहेरून आणलेला होता, यंदाच खेळायला लागलेला, आमचं काही त्याला माहीत नव्हतं. ग्लास रिकामा करून म्हणाला, "काकू, तुमचा डावीकडचा मानूस लय बोलते हो."

"तो तेरा नंबर? तो तर तोंड उघडत नाई."

"तो नाई. मांगून येते तो. आलो, आलो करून राह्यला सारखा. मी वळून पाह्यतो तं पुढं निघून गेलेला राह्यते."

माझ्या मांडीवरची जर्सी मी दोन्ही हातांनी धरली होती. मी त्याला म्हटलं, "अजून पाणी पाह्यजे का?" तो नको म्हणाला आणि मैदानात गेला. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चुन्याच्या रेघेकडे बघत होता, पण त्याच्या मानेवरून कळत होतं की त्याने ऐकलं होतं.

सामना संपेपर्यंत मी जर्सी मांडीवरून हलवली नाही. घरी येऊन ती घडी उलगडली. घडीच्या आतल्या बाजूला, खालच्या काठाला, कुसळं होती. मग चष्मा लावला आणि काढायला बसले. दुसरं काय करणार.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "ती जर्सी त्या केनवडवाल्याले द्या."

"नाई."

"पोरं चेंडू रिकाम्या जागेत सोडून राह्यली."

"त्यायची सवय हाय ती."

"सवय हाय म्हनूनच म्हनते. जागा भरली की सवय जाईल."

त्याने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. "मैदानातलं तू मले सांगू नको. तो येते म्हनून त्यायच्या पायात जोर हाय. तेवढाच हाय."

"तो येते" असं तो म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा भाकरी उचलली. मी विषय वाढवला नाही. जो माणूस मधेच असं बोलून जातो त्याला जेवताना अडवू नये.

असा हंगाम गेला. मध्ये आम्ही दोन-तीन सामने बरोबरीत सोडवले आणि शेवटच्या सामन्याला एवढंच उरलं की बरोबरी झाली तरी आम्ही अ गटात राहतो. त्या दिवशी नवऱ्याने सकाळीच दाढी केली. इस्त्रीचा शर्ट घातला. मी बाकावर बसले, पण जर्सी मांडीवर घेतली नाही. ती त्याने स्वतः पसरली आणि तिच्याशेजारी बसला.

दोन्हीकडून एकेक गोल झाला होता. दुसरा हाफ, आमची डावी बाजू भिंतीकडे. थोडाच वेळ उरला होता. सगळ्यांचं घड्याळ बघणं चाललं होतं. चेंडू कॅप्टनकडे आला. तेव्हा तेरा नंबर ओरडला. हंगामात पहिल्यांदा मी त्याचा आवाज मैदानावर ऐकला. "मी हाय इथं," तो ओरडला, "इथं हाय मी." दोन्ही हात वर केले होते. तो अगदी मोकळा होता. कॅप्टनच्या जवळच होता.

कॅप्टनने मान वळवली नाही. चेंडू सोडला. तो तेराच्या पुढून, भिंतीच्या कोपऱ्याकडे, सरपटत गेला आणि गवतापाशी येऊन थांबला. बाहेर गेला नाही. रेघेच्या आत थांबला.

आणि कुणीही त्याच्याकडे धावलं नाही. आमचे सगळे पुढे जाऊन गोलसमोर उभे राहिले होते, तिकडून चेंडू येणार म्हणून. समोरच्या टीमचा बचाव करणारा चेंडूपासून हातभर अंतरावर होता, तोही थांबला. चक्क बाजूला झाला, अंगावर कुणी येत असलं की आपण होतो तसा. बाकावर माझा नवरा अर्धा उठला होता. मैदानावर इतकी शांतता होती की वाळलेलं गवत हललेलं ऐकू आलं. वारा नव्हता.

मग त्या बचाववाल्याने डोकं झटकलं, चेंडू उंच मारला तो थेट त्यांच्या पुढच्या खेळाडूकडे, आणि आमच्या गोलकीपरसमोर आमचं कुणीच नव्हतं. एकटा तेरा नंबर मागे धावला. तो पोचेपर्यंत गोल झाला होता.

आम्ही खाली गेलो.

संध्याकाळी कॅप्टन पिशवी घेऊन आला. अंगणात उभा राहिला. नवरा खाटेवर बसला होता. कॅप्टन मला म्हणाला, "काकू, मी पाह्यलं नाई हे खरं. पन मले आवाज आला. तेरा ओरडला तो नाई. मांगून. आलो म्हनून."

मी काही बोलणार तेवढ्यात खाटेवरून नवरा म्हणाला, "मलेही आला."

मी पिशवी ओतली. कॅप्टनला म्हटलं, "दुसऱ्या क्लबात जायचं असंल तं खुशाल जा. पन इथं खेळायचं असंल तं हंगाम सुरू होईल तेव्हा डावीकडं पाहून खेळशील. समजलं?" तो हो म्हणाला. कशाला हो म्हणाला ते मी विचारलं नाही.

तो गेल्यावर मी टब भरला. बाकीच्या जर्सी भिजत घातल्या. तीनची कुसळं काढली. या वेळी ती खूप होती, काठालाच नाही, बाह्यांनाही होती. शेवटचं निघेपर्यंत अंधारून आलं. ती मी भिजत घातली नाही. इस्त्री केली आणि कागदात गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापायच्या आत, मी विळा घेतला आणि मैदानावर गेले. जाताना नवरा दारात होता. माझ्या हातातलं पुडकं त्याने ओळखलं. विळ्याकडे पाहत तो म्हणाला, "त्याले खांद्यात तंग होईन."

"मी उसवून देईन," मी म्हटलं.

त्याने वाट दिली.

मैदानावर कुणी नव्हतं. भिंतीच्या कोपऱ्यात गवत तसंच उभं होतं, आणि त्याच्या मधून, रेघेला धरून, एक पट्टा दबलेला होता. एका माणसाच्या पायांइतका रुंद, मधल्या रेघेपासून कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत. बकऱ्या येत असतील. पण बकऱ्या अशा सरळ जात नाहीत, हेही मला माहीत आहे. मी पदर खोचला आणि कोपऱ्याकडून कापायला सुरुवात केली. कापत कापत त्या पट्ट्यात शिरले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सरक जरा, विळा लागंल." घरात तो कायम माझ्या कामात मध्ये यायचा, तेव्हा मी म्हणायचे तसंच. म्हटलं आणि थांबले. मग डावीकडे थोडी जागा सोडून पुन्हा कापायला लागले, आणि शेवटी ती सोडलेली जागाही कापली.

गवताचा भारा भिंतीपलीकडे टाकला. तिथून पंक्चरच्या दुकानात गेले. तेरा नंबर नुकतंच शटर वर करत होता. मी पुडकं त्याच्या हातात दिलं. त्याने कागद थोडा उघडून आत पाहिलं आणि घाईने बंद केला.

"सरनं देल्ली?"

"मी देल्ली. तंग झाली तं घेऊन ये, खांद्यात सैल करून देईन."

"काकू, तो रागावला तं?"

त्याला नवरा म्हणायचं होतं की दुसरं कुणी, ते मी विचारलं नाही. "पुढं पळत जाय," मी म्हटलं, "जागा धरून बसू नको. ओरडायचं मात्र काल ओरडला तसं."

त्याने मान हलवली. मग माझ्या पायांकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या साडीले लय कुसळं लागली." मी त्याच्या पायरीवर बसून ती कोरडी होती तोवर सगळी काढली. घरी आले, रात्रभर भिजलेल्या जर्सी धुतल्या, पिळल्या आणि तारेवर घातल्या. दोनला लागून चार.